27 नंबरचं तिसरं पातं

जूनचा पहिला आठवडा होता. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पश्चिमेचा वारा नुकताच धरला होता आणि वळवाचा पाऊस अजून मागे हटला नव्हता. पवनचक्कीसाठी हे दिवस सगळ्यात नाजूक, कारण मशीन पूर्ण लोडवर असतं आणि त्याच वेळी आकाशात विजा असतात.

संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी लाईनवर वीज पडली आणि 33 केव्हीचा फीडर, म्हणजे मशीनची वीज ग्रिडकडे (बाहेरच्या वीजजाळ्याकडे) नेणारी लाईन, ट्रिप होऊन बंद पडला. त्यावर 14 मशीन होती. सबस्टेशनमधल्या स्क्रीनवर 13 मशीनची तिन्ही पाती 89 अंशांवर गेलेली दिसली, म्हणजे वाऱ्याला धार करून उभी. 27 नंबरची दोन पाती 89 वर होती आणि तिसरं 38 वर अडकलं होतं. रोटर थांबलाच नव्हता.

38 अंशांवरचं एक पातं एवढं का भेडसावतं, ते सांगायला हवं. हे मशीन 2 मेगावॉटचं, रोटरचा व्यास 80 मीटर, म्हणजे वारा अडवणारं वर्तुळ सुमारे 5,000 चौरस मीटरचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. सेकंदाला 13 मीटरच्या वाऱ्यात त्या वर्तुळातून पावणेसहा मेगावॉटच्या आसपास शक्ती वाहत असते, तीही इथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे 13 टक्के विरळ असताना. त्यातली एक तृतीयांश आपण विजेत बदलतो. रोटर मिनिटाला 17 फेऱ्या मारतो, गिअरबॉक्स त्याच्या साधारण शंभरपट वेगाने जनरेटर फिरवतो, आणि जनरेटर वीज देताना रोटरला मागे खेचत राहतो. वीज तयार होणं हाच रोटरचा लगाम असतो. ग्रिड गेली की तो एका क्षणात सुटतो. पूर्ण लोडवर असलेल्या रोटरच्या मिनिटाच्या फेऱ्या मग दर सेकंदाला सुमारे दोनने वाढू शकतात. 20 फेऱ्यांचा ओव्हरस्पीड गाठायला दीड-दोन सेकंद पुरतात.

त्या दीड-दोन सेकंदांत पाती वळायला सुरुवात झालीच पाहिजे, आणि ती वळवायला ग्रिड नसते. म्हणून हबमध्ये, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागात, प्रत्येक पात्यामागे स्वतंत्र बॅटरी बॉक्स असतो. आमच्याकडे त्यात 12 व्होल्टच्या 18 बॅटऱ्या सीरिजमध्ये आहेत, एकूण 216 व्होल्ट. इमर्जन्सीत काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि बॅटरी थेट पिच मोटरला, म्हणजे पातं वळवणाऱ्या मोटरला, जोडली जाते. मधे संगणक नसतो. टोकाचा लिमिट स्विच लागेपर्यंत मोटर फिरत राहते. (जुन्या छोट्या मशीनमध्ये फक्त पात्याचं टोक केंद्रापसारक बलाने आडवं वळायचं. त्याला बॅटरी लागतच नसे.) तीन पाती म्हणजे तीन वेगळे ब्रेक. त्या रात्री दोन लागले, म्हणून रोटर 19.6 फेऱ्यांपर्यंत चढून खाली आला. दोन अडकली असती तर ते मशीन दुसऱ्या दिवशी उभं दिसलं असतं, असं मी म्हणणार नाही.

कंट्रोलरचा यूपीएस वीसेक मिनिटं टिकला, तोवर आकडे येत राहिले. मग 27 नंबर स्क्रीनवर करडं झालं. थोड्या वेळाने खालच्या वॉचमनचा फोन आला, "साहेब, 27 नंबर अजून फिरतंय बगा."

आम्ही वाऱ्याच्या बाजूने, बरंच अंतर राखून थांबलो. धुकं इतकं की टॉवरचा बुंधाही दिसेना. ऐकू मात्र येत होतं. वळलेली पाती जवळजवळ मुकी असतात, अडकलेलं पातं प्रत्येक फेरीला एकदा सुसाटतं. घड्याळ लावून मोजलं तेव्हा मिनिटाला सहा आवाज भरले. तासाभराने पुन्हा मोजले, तेव्हाही सहा. रोटर वाढत नव्हता, एवढं त्यावरून कळलं.

डिस्कब्रेक दाबून थांबवावं, असं कोणालाही वाटेल. पण हा ब्रेक गिअरबॉक्सनंतरच्या हायस्पीड शाफ्टवर असतो आणि पाती वळल्यानंतर उरलेली गती संपवण्यासाठी असतो. पातं वारा खात असताना तो दाबला की डिस्क तापून लाल होते, ठिणग्या पडतात, आणि आसपास गिअर ऑइल असतं. नॅसेलला, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या मशीनच्या डब्याला, आग लागण्याचा हा ठरलेला रस्ता. शिवाय विजा चालू असताना टॉवरमध्ये पाऊल टाकायचं नसतंच. ग्रिड नाही म्हणून यॉ मोटरही चालेना, नाहीतर नॅसेल वाऱ्यापासून बाजूला वळवलं असतं. थांबणं एवढंच हातात होतं.

रात्री 1 वाजून 25 मिनिटांनी ग्रिड आली. तोवर विजा थांबून तास उलटला होता. बेस पॅनेलवरून आधी नॅसेल 90 अंश बाजूला घेतलं, मग सेफ्टी चेन (मशीन बंद करणारं सुरक्षा सर्किट) रिसेट करून तिसऱ्या पात्याला पिचची कमांड दिली. सहा-सात टनांचं ते पातं जराही न अडखळता 89 वर गेलं. याचा अर्थ मोटर, पिच गिअर, बेअरिंग सगळं ठीक होतं. राहिली ती बॅटरी.

सकाळी वारा 8 मीटरवर उतरल्यावर वर चढलो. रोटर लॉक टाकला, सप्लाय आयसोलेट करून टाळं लावलं आणि हबमध्ये शिरलो. मल्टीमीटरने एकेक बॅटरी मोजली तर सगळ्या 12.5 ते 12.7 व्होल्ट. बेरीज 227. कागदावर बॉक्स निरोगी होता. मागच्या सर्व्हिस शीटवरही असेच आकडे होते, आणि ते खोटे नव्हते.

मग पिच गिअरच्या दातांपासून हात लांब ठेवून तेच पातं बॅटरीवर चालवलं. पहिल्या क्षणी 198 व्होल्ट, मग 170, मग 118, आणि 41 अंशांवर मोटर थबकली. पुन्हा लोड देऊन एकेक टर्मिनल पाहिलं. 10 आणि 12 क्रमांकाच्या बॅटऱ्या 7 व्होल्टवर आणि 11 क्रमांकाची उणे 2.4. मेलेली बॅटरी सीरिजमध्ये अशी उलटी होते. बाकीच्या तिच्यातून करंट ढकलतात आणि ती मदत करायची सोडून ओझं होते.

टॉर्चच्या उजेडात आणखी एक गोष्ट दिसली. 4 आणि 5 क्रमांकाच्या बॅटऱ्यांचे लग (वायरची जोडटोकं) चकचकीत होते, टॉर्क मार्कचा, म्हणजे घट्ट केल्याच्या खुणेचा, रंग ताजा होता. बाकी सोळांवर धुळीचा थर आणि चार वर्षांपूर्वीची तारीख. कोणीतरी मागे फक्त दोनच बदलल्या होत्या. नव्या-जुन्या एकत्र घातल्या की एकच चार्जर सगळ्यांना नीट चार्ज करू शकत नाही. काही ओव्हरचार्ज होतात, काही कायम उपाशी राहतात. त्यात हबमधली उष्णता आहेच. लेड-अॅसिड बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि पठारावर एप्रिल-मेमध्ये बंद हब आतून चांगलंच तापतं. मशीन आठवड्यातून एकदा स्वतःची बॅटरी टेस्ट घेतं, पण कमी वाऱ्यात आणि पातं काही अंशच हलवून. एवढ्या हलक्या लोडवर हा बॉक्सही पास होत होता.

एक बॉक्स बदलून बाकीचे दोन तसेच ठेवावेत, असा विचार कोणी मांडलाही नाही. 54 बॅटऱ्या, प्रत्येकी अडीच किलो, चेन होइस्टने चार खेपांत वर घेतल्या. लग घट्ट केले, मार्क लावला, तारीख लिहिली. पूर्ण चार्ज झाल्यावर तिन्ही पाती एकेक करून 0 ते 89 चालवली. 11 सेकंद लागले आणि सगळ्यात खालचा आकडा 196 व्होल्ट आला.

पुढचे पाच दिवस वारा पडला की फीडरवरच्या उरलेल्या 13 मशीनमध्ये हाच लोड टेस्ट घेतला. आणखी दोन बॉक्स सापडले, 19 आणि 31 नंबरवर. दोन्हींमध्ये नव्या-जुन्या बॅटऱ्या मिसळलेल्या होत्या, आणि दोन्ही विश्रांतीत 226 व्होल्ट दाखवत होते.