कोलननंतरची रिकामी जागा, आणि मेसेज फ्री कुणी करायचा

मागच्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं. काट्याच्या इंडिकेटरवरून सिरीयल पोर्टने वजन वाचायचं आणि पावती छापायची एवढंच त्याचं काम, लिनक्सचा छोटा डबा (कॉम्प्युटर) आणि त्यावर सीमधे लिहिलेला प्रोग्राम. रात्री दोन वाजता फोन आला तेव्हा काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली होती, मी रिमोटने लॉग उघडला तर शेवटची ओळ अशी होती: "सिरीयल पोर्ट उघडला नाही: " आणि पुढे काहीच नाही. कोलन, एक स्पेस, आणि ओळ संपली.

कारणच नाही म्हटल्यावर आम्ही अंदाजाने चाललो. ऑपरेटरने केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला, डबा दोनदा रिस्टार्ट केला, यात तीन तास गेले. शेवटी कळलं की त्या दिवशी दुपारी डब्यावर सिस्टीम नव्याने टाकली होती आणि आमचा युजर डायलआउट ग्रुपमधे (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) घालायचा राहिला होता, म्हणजे साधा परमिशनचा एरर, नंबर १३. "परमिशन डिनाइड" हे दोन शब्द लॉगमधे असते तर पाच मिनिटांचं काम होतं. रात्रभर थंडीत ट्रॅक्टरवर बसून राहिलेल्या माणसांचा विचार आला की अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

तर ते दोन शब्द गेले कुठे? आमच्या कोडमधे १२८ बाइटचा बफर (मजकूर ठेवायची मेमरीतली जागा) होता, तो स्ट्रएरर_आर ला, म्हणजे एररच्या नंबरावरून मेसेज देणाऱ्या फंक्शनला, दिला होता आणि मग तोच बफर लॉगमधे छापला होता. दिसायला एकदम बरोबर, आणि दोन वर्षं बरोबर चाललंही. पण या नावाची फंक्शन्स दोन आहेत. पोझिक्सवालं (पोझिक्स म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टीमचं सामाईक मानक) इंट, म्हणजे पूर्णांक, परत देतं आणि मेसेज तुमच्या बफरमधे लिहितं. ग्नूवालं (ग्नू प्रोजेक्टचं स्वतःचं रूप) कॅरेक्टर पॉइंटर, म्हणजे मजकुराचा मेमरीतला पत्ता, परत देतं, आणि मेसेज त्या पॉइंटरवर असतो, तुमच्या बफरमधे असेलच असं नाही, कारण ओळखीचा एरर असेल तर ते आतल्या कायमच्या स्ट्रिंगचा पत्ता देऊन मोकळं होतं आणि तुमच्या बफरला हातही लावत नाही. जीलिबसीमधे, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ही दोन्ही आहेत, आणि कुठलं मिळणार हे ठरतं हेडर (फंक्शन्स जाहीर करणारी फाइल) घेताना _ग्नू_सोर्स डिफाइन होतं की नाही यावर.

आमच्याकडे झालं असं की एका सहकाऱ्याला एएसप्रिंटएफ (हवी तेवढी मेमरी घेऊन मजकूर जुळवणारं फंक्शन) हवं होतं, त्यासाठी त्याने मेकफाइलमधे (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमधे) _ग्नू_सोर्स टाकलं. त्याची काहीच चूक नाही, त्या फंक्शनच्या मॅन पेजमधे (माहितीच्या पानात) तसंच करायला सांगितलंय. पण त्या एका शब्दाने दुसऱ्याच फाइलमधल्या स्ट्रएरर_आर चा अर्थ बदलला, आणि रिटर्न व्हॅल्यू आम्ही वापरतच नसल्यामुळे कंपायलरही गप्प बसला. बफर सुरुवातीला रिकामा केलेला होता, तो रिकामाच राहिला आणि तसाच छापला गेला.

याच्या उलटंही होतं. ग्नू धरून लिहिलेला कोड, म्हणजे परत आलेला पॉइंटर थेट %एस ला (छापताना मजकुरासाठी असलेल्या खुणेला) देणारा, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर नेला की तिथे मसल लायब्ररी आहे आणि तिच्यात फक्त पोझिक्सवालं रूप आहे. मग %एस ला जातो इंट. शून्य असेल तर नशीब चांगलं असल्यास "(नल)" छापून येतं, पण बफर लहान पडून ईरेंज म्हणजे ३४ परत आलं तर प्रोग्राम ३४ हा मेमरीचा पत्ता समजून वाचायला जातो आणि तिथेच मरतो. फॉरमॅटच्या वॉर्निंग चालू असतील तर कंपायलर हे सांगतो, म्हणून त्या कधीही बंद ठेवू नका.

आता मी हे एका वेगळ्या छोट्या फाइलमधे कोंडलंय. त्या फाइलच्या पहिल्याच ओळीत, एकही हेडर घेण्याआधी, _ग्नू_सोर्स काढून टाकतो, _पोझिक्स_सी_सोर्स २००११२ ठेवतो, आणि बाकी सगळ्या कोडला फक्त माझंच फंक्शन दिसतं. बफरमधे आधी एररचा नंबर लिहून ठेवतो, मग मेसेज मागतो, आणि शून्य सोडून काहीही परत आलं तरी ते अपयश धरतो, कारण २.१३ च्या आधीचं जीलिबसी -१ देऊन कारण एररनोमधे (शेवटच्या एररचा नंबर ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधे) ठेवायचं आणि नंतरचं थेट नंबर देतं. मेसेज नाही मिळाला तर नंबर पुन्हा लिहितो, म्हणजे कोलननंतर काहीतरी असतंच. पण नुसत्या नंबरावर विसंबू नका, "कनेक्शन रिफ्यूज्ड" लिनक्सवर १११ आहे, मॅकवर ६१, आणि विंडोजच्या सॉकेटमधे १००६१. कुठल्या सिस्टीमवरचा लॉग आहे हे माहीत नसेल तर नंबर उलट दिशाभूल करतो.

अजून एक, एररनो लगेच बाजूला काढून ठेवा. अपयश आलं की पहिली ओळ तीच. आम्ही आधी फाइल बंद करायचो, मेमरी सोडायचो, आणि मग एररनो वाचायचो, तोपर्यंत तो दुसऱ्याच कशाचा झालेला असायचा. मेमरी सोडणारं फ्री हे फंक्शन एररनो बिघडवत नाही ही हमी जीलिबसीमधे २.३३ पासून आहे, जुन्या डब्यांवर ती नाही.

हे झालं मेसेज मिळवायचं. मालकीचं दुखणं वेगळं आणि माझ्या मते जास्त खोल आहे, ते आम्हाला विंडोजवर भेटलं. तीच लायब्ररी आम्ही डीएलएल (विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रामनी वापरायची लायब्ररी फाइल) करून दिली होती आणि तिच्यातलं एक फंक्शन एररचा मेसेज मॅलॉक करून, म्हणजे त्यासाठी मेमरी मागून घेऊन, परत द्यायचं. वापरणाऱ्याने सरळ फ्री केलं, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण डीएलएलमधे सी रनटाइम (मॅलॉक, फ्री वगैरे सीची मूळ फंक्शन्स) आत जोडलेला, त्याच्या एक्झीचा (मुख्य प्रोग्रामचा) रनटाइम वेगळा, म्हणजे दोघांचे हीप (मेमरीचे साठे) वेगळे. एकाच्या हीपमधली मेमरी दुसऱ्याच्या फ्रीला दिली की क्रॅश. आणि हा क्रॅश एरर आला तरच व्हायचा. टेस्टिंगमधे सगळं सुरळीत असतं, एररचा रस्ता कुणी चालतच नाही, आणि नेमकी साइटवर पहिल्यांदा केबल निघाली तेव्हा "केबल निघाली" सांगायच्या ऐवजी प्रोग्रामच गेला.

भांडं ज्याच्या घरचं त्याच्याच घरी परत, हा नियम सीमधे शब्दशः पाळावा लागतो. एररचा मेसेज देणाऱ्या विंडोजच्या फॉरमॅटमेसेजला बफर तूच दे असं सांगितलं तर तो सोडायचा लोकलफ्रीने, साध्या फ्रीने नाही. (त्याच्या मेसेजच्या शेवटी नवी ओळ चिकटून येते ती कापावी लागते, आणि इग्नोअर इन्सर्ट्सचा फ्लॅग दिलाच पाहिजे, नाहीतर मेसेजमधल्या %१ च्या जागी भरायला तो नसलेली आर्ग्युमेंट्स शोधतो.) एसक्यूलाइटमधे (डेटाबेसची लायब्ररी) तर एकाच लायब्ररीत दोन तऱ्हा आहेत: एक्झेकमधून आलेला मेसेज एसक्यूलाइटच्याच फ्रीने सोडायचा, आणि एररमेसेज फंक्शनने दिलेला मात्र अजिबात सोडायचा नाही, तो त्यांचा आहे आणि पुढच्या कॉलला बदलू शकतो, हवा असेल तर कॉपी करून घ्या. लिबकर्लमधे (नेटवरून डेटा आणायची-पाठवायची लायब्ररी) २५६ बाइटचा बफर तुम्ही द्यायचा, आणि हँडल जिवंत आहे तोपर्यंत तो बफरही जिवंत ठेवायची जबाबदारी तुमची. फंक्शनमधला लोकल बफर देऊन फंक्शनमधून बाहेर पडलात तर लिबकर्ल नंतर भलत्याच जागी लिहिणार. तिन्ही पद्धती चालतात, कारण तिन्ही ठिकाणी मालक कोण हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. आमच्या हेडरमधे ते लिहिलेलं नव्हतं.

नवीन डिझाइनमधे मी मॅलॉक काढूनच टाकला. एरर हे एक स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली माहिती) आहे, त्यात कोड, मूळ एररनो, आणि २५६ बाइटची मेसेजची जागा, आणि ते स्ट्रक्ट कॉल करणाऱ्याचं. फ्रीचा प्रश्नच नाही. मला हे पटलं ते एका साध्या कारणाने: मेमरी संपली हाच एरर असेल तर तो सांगायला मेमरी कुठून आणणार? आधीच्या कोडमधे तेव्हा कायमच्या स्ट्रिंगचा पत्ता द्यायचो, आणि वापरणारा ती पण फ्री करायचा.

२५६ मधे एक गोष्ट मात्र मराठीत काम करणाऱ्यालाच टोचते. काट्यावरचे मेसेज आम्ही मराठीत देतो, आणि यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजून. "उघडता" एवढ्याशा शब्दाला १५ बाइट. म्हणजे २५६ मधे जेमतेम ८५ चिन्हं. बफरमधे मजकूर लिहिणारं एसएनप्रिंटएफ बाइट मोजून कापतं, अक्षर बघून नाही, त्यामुळे लांब मेसेजच्या शेवटी तुटकं चिन्ह यायचं आणि पावतीच्या प्रिंटरवर तिथे चौकोन उमटायचा. म्हणून मेसेज कापला गेला असेल तर आता मी कापलेल्या जागेवरून मागे सरकतो, जो बाइट वरच्या दोन बिटांत १० ने सुरू होतो तो अक्षराच्या मधला असतो, तसे बाइट ओलांडून अक्षराच्या सुरुवातीला पोचलो की तिथे मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य ठेवतो. आठ ओळींचा कोड आहे. आणि विंडोजवर फॉरमॅटमेसेजचं ए वालं रूप वापरू नका, देवनागरीला तिथे एएनएसआय कोडपेजच (विंडोजचा जुन्या पद्धतीचा अक्षरांचा तक्ता) नाही, सगळी प्रश्नचिन्हं येतील. डब्ल्यू वालं घ्या आणि स्वतः यूटीएफ-८ करा.

जुनं मॅलॉकवालं फंक्शन लगेच काढता आलं नाही, दोन ग्राहकांचा कोड त्यावर उभा आहे. त्याच्या जोडीला डीएलएलमधूनच एक सोडायचं फंक्शन दिलंय, नल (रिकामा पत्ता) दिला तरी चालतं, आणि कायमची स्ट्रिंग असेल तर ते ओळखून तिला हात लावत नाही. हेडरमधे त्यावर आता मोठी कॉमेंट आहे: हा मेसेज लायब्ररीचा, साध्या फ्रीने सोडू नये, खालच्या फंक्शनला परत द्यावा. एका ग्राहकाने बदल करून घेतलाय. दुसऱ्याकडे मी येत्या आठवड्यात स्वतः जाऊन बसणार आहे, चालू काट्याची केबल हाताने काढून बघायची आहे की कोलननंतर काय येतंय.