पावसाचे चौकोन

बाबांकडे एक वही आहे. फोंड्याच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, माडांपासून जरा दूर, पर्जन्यमापक ठेवलाय. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं, आकडा वहीत लिहायचा. वेळ साडेआठचीच, कारण हवामान खात्याची तीच. चहा थांबतो, मोजणी थांबत नाही.

यंदा ती वही मी कॉम्प्युटरमध्ये उतरवली. सरळ एक्सेल वापरता आलं असतं, पण मला टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांनी चालणाऱ्या खिडकीच्या, काळ्या पडद्याचं वेड. महिन्याला एक ओळ, दिवसाला एक चौकोन, आणि जसा पाऊस तसा त्याचा रंग: जून ते सप्टेंबर, चार ओळी, एकशे बावीस चौकोन. टर्मिनलमध्ये अक्षराची जागा उभट असते, म्हणून एका दिवसाला दोन रिकाम्या जागा रंगवायच्या. मग चौकोन चौकोनासारखा दिसतो. एकतीस दिवसांना बासष्ट जागा. टर्मिनल हे वेगळं यंत्रच असायचं तेव्हाच्या, १९७८ च्या व्हीटी१०० वर ओळीत ऐंशी अक्षरं मावत, तेवढ्यातसुद्धा माझा अख्खा जुलै बसला असता. रंग मात्र दिसले नसते, तो पडदा एकरंगी.

रंगाची युक्ती साधी आहे. आधी एस्केप हे न दिसणारं अक्षर, मग चौकोनी कंस, मग ४८;५;२१ आणि शेवटी एम. एवढं पाठवलं की पुढच्या जागा निळ्या. काम झाल्यावर त्या आकड्यांच्या जागी शून्य पाठवून रंग पुसायचा. मी विसरलो, आणि नंतर टाइप केलेलं सगळंच निळ्यात बुडालं.

खरा घोळ महिन्यांच्या नावांनी घातला. 'जुलै' आपल्याला दोन अक्षरं दिसतात; कॉम्प्युटर ज, उकार, ल, ऐकार अशी चार मोजतो. 'सप्टेंबर' तर आठ! पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा वेगळं धरतो. नावापुढे मोजून मोकळी जागा सोडावी, तर सप्टेंबरची ओळ डावीकडे घसरलेली आणि जून आपला उजवीकडे. इंग्रजी नावं घातली असती तर दोन मिनिटांत सुटलो असतो. पण पाऊस आमचा, वही बाबांची, आणि महिने जून-जुलै रोमनमध्ये? नाही पटलं. शेवटी दिसणाऱ्या जागा मोजणारी छोटी लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, शोधली, तेव्हा ओळी सरळ झाल्या.

मग रंग. हवामान खात्याच्या इशाऱ्यांसारखे हिरवा, पिवळा, केशरी, लाल लावले. बाबांनी चष्मा वर केला. "लाल कशाला? पाऊस म्हणजे काय रोग आहे?" म्हणून सगळ्या निळ्या छटा घेतल्या. कोरडा दिवस काळा, ६४.५ मिलिमीटरच्या वर, म्हणजे खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस, तो सगळ्यात झगझगीत.

"उलटं केलंस," बाबा म्हणाले. "जोराचा पाऊस म्हणजे काळोख. तू तिथं उजेड दाखवतोस."

कागदावर गडद म्हणजे जास्त, काळ्या पडद्यावर फिकट म्हणजे जास्त, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलंच. त्यांच्याशी मी मनातून सहमत आहे, पण काळ्यावर काळं दाखवायचं कसं?

जुलैत एका काळ्या चौकोनाला लागून महिन्यातला सगळ्यात झगझगीत चौकोन होता. मला वाटलं, काय हा पाऊस, एका रात्रीत फिरला! बाबा हसले. "त्या रविवारी आपण कुडाळला बारशाला होतो. मोजलं कोणी? सोमवारचा आकडा दोन दिवसांचा आहे." मला आठवलं, येताना बांद्यापाशी वायपर हरला होता. वहीत ती जागा कोरी होती आणि माझ्या प्रोग्रॅमने कोऱ्याला शून्य धरलं होतं.

तो चौकोन मी राखाडी केला. बाबा म्हणाले, "नुसता राखाडी नको, त्यात 'कु' लिही, म्हणजे कळेल." दोन जागा, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबात क नि उकार अशी दोन अक्षरं, म्हणून सरळ घालून टाकलं.

जुलैचे पुढचे सगळे दिवस एक जागा डावीकडे सरकले.