तळघरातल्या वासाचा माग

परदेशात, इथल्या थंड भागात बहुतेक घरांना तळघर असतं. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर, वॉशिंग मशीन, सांडपाण्याचा मुख्य पाइप, सगळं खालीच. आणि भर हिवाळ्यात, खिडक्या उघडायची सोय नसताना, तिथूनच कुजक्या अंड्यासारखा वास वर यायला लागतो.

पहिली शंका गॅसची घ्यावी. पाइपने येणाऱ्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त रसायन मिसळतात, आणि त्याचा वास गटाराच्या वासाच्या जवळचा असतो. संशय असेल तर दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडायचं आणि गॅस कंपनीला फोन बाहेरूनच करायचा. आमच्याकडे त्यांचा माणूस मीटर घेऊन आला, गळती नाही म्हणाला. मग उरलं सांडपाणी.

तळघराच्या जमिनीत जाळीखाली फ्लोअर ड्रेन असतो. त्याच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. (१७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाच्या पेटंटमध्ये अशी वाकडी नळी दाखवली होती.) आपल्याकडचा नहाणी ट्रॅप याच तत्त्वावर चालतो, पण त्यात रोज पाणी पडतं म्हणून तो कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तळघराची जमीन कुणी धूत नाही. उन्हाळ्यात एसीचं पाणी ड्रेनमध्ये ठिबकत असतं, हिवाळ्यात तेही बंद. हीटिंगने हवा कोरडी होते आणि ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. उपाय म्हणजे एक बादली पाणी, आणि ते लवकर उडू नये म्हणून वर थोडं खाद्यतेल. बहुतेकांचं काम इथेच होतं.

आमचं झालं नाही. पाणी भरलेलं दिसत होतं आणि वास तसाच.

यात नाकावर फार विसंबता येत नाही. गटाराच्या हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडला नाक लवकर सरावतं आणि वास गेला असं वाटायला लागतं. म्हणून दरवेळी बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यायचं आणि एकेक तोंड प्लॅस्टिक लावून चिकटपट्टीने बंद करत जायचं: पुढेमागे बाथरूम करता यावं म्हणून सोडलेला पाइप, संपच्या (जमिनीखालचं पाणी गोळा होऊन पंपाने बाहेर काढायच्या) खड्ड्याचं झाकण, वॉशिंग मशीनचा पाइप. फ्लोअर ड्रेन झाकला तेव्हा वास थांबला. काढलं की पुन्हा सुरू. म्हणजे पाण्याने भरलेल्या ट्रॅपमधून हवा येत होती, जे शक्यच नाही.

जाळी काढून टॉर्च मारला तर आत बाजूच्या भिंतीत एक भोक. ट्रॅपच्या पुढे तुंबलं तर तार घालायला हा मार्ग ठेवलेला असतो आणि त्याला बूच असतं. ते कधीतरी कुणीतरी काढलं आणि परत लावलंच नाही. हवा ट्रॅपला वळसा घालून सरळ वर येत होती. कितीही पाणी ओतलं तरी फरक पडणार नव्हता. स्क्रू पिळला की फुगणारं रबरी बूच बसवलं आणि काम झालं.

कपड्यांचा ड्रायर लावला की वास का वाढायचा, तेही मग लक्षात आलं. ड्रायर घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते आणि ती मिळेल त्या भोकातून येते.

ड्रेन झाकूनही वास थांबला नाही, तर दोन गोष्टी बघाव्यात. फक्त गरम पाण्यालाच वास येत असेल तर दोष बहुधा वॉटर हीटरमधल्या अ‍ॅनोड रॉडचा, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या धातूच्या कांडीचा. आणि बेसिन रिकामं होताना गुडगुड आवाज येत असेल तर सांडपाण्याच्या पाइपांना हवा देणाऱ्या, छतावरच्या व्हेंट पाइपच्या तोंडाशी बर्फ धरलेलं असू शकतं. मग वाहतं पाणी ट्रॅपमधलंच पाणी ओढून नेतं.

त्यानंतर प्लंबर. बोलावताना पाइपांत धूर सोडून तपासतो का, हे फोनवरच विचारून घ्या. नाहीतर तो येतो, ड्रेनमध्ये एक बादली पाणी ओततो आणि बिल देऊन जातो.