पेटीवाल्या बाबाने विवाल्डीला साथ केली त्याची गोष्ट

आधीच सांगून टाकतो, मी पियानोवाला नाही. मी पेटी वाजवतो, तीही आमच्या डोंबिवलीतल्या भजनी मंडळात, दर गुरुवारी आणि एकादशीला, नोकरी सांभाळून जमेल तशी. लेक व्हायोलिन शिकते, वेस्टर्न, सर मूळचे मडगावचे. तिची परीक्षा होती आणि त्यात तीन पीस वाजवायचे असतात, त्यातल्या दोघांना पियानोची साथ लागते. आणि परीक्षक साथ करत नाही हं, आपला साथीदार आपणच घेऊन जायचा. आमचा ठरलेला होता, त्याने परीक्षेच्या सहा आठवडे आधी कळवलं की त्या तारखेला जमत नाही. दुसरे शोधले तर कुणी मिळेना, सीझनला सगळेच बुक असतात. सर सहज बोलून गेले, तुम्ही पेटी वाजवता ना, मग करा की तुम्हीच. ते मस्करीत म्हणाले असतील पण लेकीने धरूनच ठेवलं, बाबा तूच वाजव.

मुख्य पीस म्हणजे विवाल्डी या तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन संगीतकाराचा ए मायनर कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि साथीला वाद्यवृंद), त्याची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग. व्हायोलिन शिकणाऱ्या घरात हा कधी ना कधी येतोच, व्हायोलिन शिकवायच्या सुझुकी पद्धतीच्या चौथ्या पुस्तकात आहे. आमच्या घरात त्या आधीचं वर्षभर सकाळ संध्याकाळ तोच चालू होता त्यामुळे चाल मला पाठ होती, शेजारच्या काकूंनाही पाठ झाली असेल. म्हणलं चाल पाठ आहे, ए मायनर म्हणजे पेटीवर सा पांढरी सहाला, बहुतेक सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या, अवघड काय असणारे.

पियानोच्या साथीचं पुस्तक वेगळं मिळतं ते आणलं, उघडलं आणि गप बंद केलं. उजव्या हाताला एकावेळी तीन तीन चार चार सूर, डाव्या हाताला सप्तकं, म्हणजे सा आणि खालचा सा एकदम, आणि ते असं पळत पळत. आता पेटीवाल्याची गोची लक्षात घ्या. पंचवीस वर्षं माझ्या डाव्या हाताने फक्त भाता मारलाय. त्या हाताला बोटं आहेत हेच मला सहा आठवडे आधी कळलं. पहिले दहा दिवस मी नुसता डावा हात घेऊन बसलो, भाड्याने आणलेल्या डिजिटल पियानोवर हेडफोन लावून, मेट्रोनोमचं, म्हणजे ठोके देणारं अॅप मिनिटाला 60 वर ठेवून, तरी दोन ओळींच्या पुढे गाडी जाईना. बायको म्हणाली, पैसे जास्त देऊन कुणीतरी बघूया का. तेव्हा खरं तर राग आला होता पण तिचं बरोबर होतं.

मग एका रविवारी सरांकडे गेलो आणि म्हणलं सर हे माझ्याच्याने होत नाही. सरांनी पुस्तक बघितलं आणि म्हणाले, अहो हे विवाल्डीने लिहिलेलंच नाही, तुम्ही कशाला एवढं मनावर घेताय. मला वाटलं धीर द्यायला म्हणतायत. तर खरंच तसं आहे. हा कॉन्चेर्टो 1711 मध्ये अॅमस्टरडॅमला छापला गेला, बारा कॉन्चेर्टोंचा संच, लेस्त्रो आर्मोनिको नावाचा, आणि छापला तो आठ वेगवेगळ्या पुस्तिकांमध्ये, चार व्हायोलिनच्या, दोन व्हायोलाच्या, एक चेलोची आणि एक खालच्या बेसची आणि हार्पसिकॉर्डची (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) मिळून. पियानो तेव्हा कुठे नुकताच जन्माला आला होता, फ्लोरेन्सला क्रिस्टोफोरी नावाच्या कारागिराकडे. म्हणजे आपल्यासमोर जे पियानोचं पान असतं ते नंतर कुणीतरी सगळा वाद्यवृंद दोन हातात कोंबून तयार केलेलं असतं. आणि हार्पसिकॉर्डवाल्याला तरी काय दिलेलं असायचं, तर खालची बेसची ओळ आणि तिच्यासोबत कुठे कुठे आकडे, 6, 7, 4 असे. आकडा बघून उजव्या हाताने काय भरायचं ते त्याने स्वतः ठरवायचं, जागेवर.

हे ऐकून माझी ट्यूब पेटली. ही तर साथ झाली! आपल्याकडे बुवा गातात तेव्हा पेटीवाल्याला कुणी लिहून देतं का काय वाजवायचं? चौकट माहीत असते, बाकी आपण भरतो, गाणारा दमला तर जास्त भरतो, तान घेत असेल तर हात आवरतो. म्हणजे या पुस्तकातला उजवा हात ही कुणातरी संपादकाने शंभर वर्षांपूर्वी केलेली साथ आहे, ती मी जशीच्या तशी वाजवलीच पाहिजे असं काही नाही.

पण सरांनी लगेच दुसरी बाजू सांगितली. उजवा हात कमी करा, पण बेसला हात लावायचा नाही. बेस गेला की सगळं गेलं.

मग आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. डाव्या हाताची सप्तकं पहिल्यांदा गेली. त्याचं कारण मला फार आवडलं. वाद्यवृंदात चेलो आणि डबल बेस एकच ओळ वाजवतात, फक्त डबल बेस एक सप्तक खाली वाजतो, म्हणून पियानोत ते दोन्ही दाखवायला सप्तक लिहितात. मग डबल बेसला घरी पाठवला आणि चेलो ठेवला, काही बिघडलं नाही. उजव्या हातात तेच तेच सूर धडधडत होते ते व्हायोलिनवाल्यांना गज मागे पुढे केला की फुकट येतात, पियानोवर मनगट जातं. तिथे बीटला एक कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) ठेवला. चार सुरांचे दोन केले, पण कुठले दोन हे मात्र बघावं लागलं. म्हणजे ए मायनरमध्ये प चा कॉर्ड येतो, ई मेजर, त्यात शुद्ध नी असतो म्हणजे काळी चार. मी सोयीसाठी नेमका तोच सोडला होता. लेक थांबली आणि म्हणाली, बाबा इथे काहीतरी ओकं वाटतंय. तो शुद्ध नी परत घातला आणि सा वर येण्याची ओढ परत आली. बाकीचे सूर गेले तर चालतात, हा नाही.

मध्येच मी एक शहाणपणा केला तो पण सांगतो. म्हणलं मुळाकडेच जाऊया, आयएमएसएलपी या फुकट नोटेशनच्या वेबसाइटवरून मूळ स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) डाउनलोड केला, रात्री जागून त्यावरून माझी स्वतःची साथ लिहून काढली, सकाळी लेकीबरोबर वाजवलं तर काही ठिकाणी जुळेचना. आधी वाटलं तिचं चुकतंय, मग आवाज चढले, मग ती रडली. दोन दिवसांनी कळलं की तिच्या पुस्तकातलं व्हायोलिन हे तिवादार नाचेझ नावाच्या हंगेरियन व्हायोलिनवादकाने संपादन केलेलं आहे आणि त्याने फक्त हळू जोरात अशा खुणा नाही घातल्या तर काही काही जागी विवाल्डीचे सूरच बदललेत. ती तिच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर, मी माझ्या स्कोअरप्रमाणे बरोबर. जो कोणी हे करणार असेल त्याने सोलोचं आणि साथीचं पुस्तक एकाच आवृत्तीचं आहे ना एवढं बघा, माझा आख्खा आठवडा गेला आणि आईस्क्रीमचा खर्च वेगळा.

या पोरांच्या पुस्तकांत असले प्रकार बरेच आहेत. सुझुकीच्या पहिल्याच पुस्तकात बाख या जर्मन संगीतकाराच्या नावाने लेकीने जो जी मेजरमधला मिन्युएट (एक नाचाची चाल) वाजवला होता तो मुळात बाखचा नाही, पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराचा, बाखच्या बायकोच्या 1725 च्या वहीत उतरवलेला होता म्हणून त्याच्या नावावर खपला, आणि तो व्हायोलिनचाही नाही. आणि हे सगळं पाप आहे असंही नाही, कारण याच लेस्त्रो आर्मोनिकोमधले सहा कॉन्चेर्टो खुद्द बाखनेच हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गनसाठी फिरवून लिहिलेत. आणि विवाल्डी स्वतः 1703 पासून व्हेनिसमध्ये अनाथ मुलींच्या संस्थेत, पिएतामध्ये, व्हायोलिन शिकवायचा. म्हणजे शिकणाऱ्या पोरींना वाजवता येईल असं लिहिण्याची त्याला सवयच होती.

तर साथ लिहून झाली पण वाजवण्यात माझ्या पेटीच्या सवयी आड यायला लागल्या. पेटीचा सूर दाबला की भाता आहे तोवर उभा राहतो, पियानोचा विरून जातो, त्यामुळे मला सारखं रिकामं वाटायचं आणि मी सस्टेनचा पेडल दाबून बसायचो. सरांनी अक्षरशः माझा पाय उचलून बाजूला ठेवला. हार्पसिकॉर्डला पेडल कुठे होता, बोटं उचला, सूर सुटे ठेवा. दुसरी सवय त्याहून वाईट. आम्ही गाणाऱ्याच्या मागून जातो, तो जिथे नेईल तिथे. लेक जमलेल्या जागी पळते, मी पण तिच्यामागे पळायचो, मग अवघड जागा आली की दोघं तोंडावर. सर म्हणाले, इथे तुम्ही पेटीवाले नाही, तबलजी आहात. ते एका वाक्यात डोक्यात बसलं. ठेका सोडायचा नाही, ती पळाली तर तिलाच यावं लागेल परत. 60 वरून सुरू केलेलं ते पाचव्या आठवड्यात 92 वर आलं, तिथेच थांबवलं.

रचना लक्षात ठेवायला मात्र भजन कामाला आलं. या कॉन्चेर्टोंमध्ये सगळ्यांनी मिळून वाजवायचा तुकडा परत परत येतो, कधी पट्टी बदलून, कधी अर्धाच, आणि मधल्या जागेत सोलोवाला आपलं काय ते दाखवतो. ध्रुवपद आणि अंतरे. मी पानावर सरळ ध्रु. ध्रु. लिहून ठेवलं होतं. नुसत्या पियानोचे जे लांब तुकडे होते ते सरांनी कापून टाकले. परीक्षेत तसंही ते लहान करायचे असतात, परीक्षकाला माझा पियानो ऐकण्यात काय इंटरेस्ट.

परीक्षेच्या दिवशी पाऊस. हॉलमधला पियानो जुना, अपराइट, पट्ट्या जड आणि सूर थोडा उतरलेला. सरांनी आधीच बजावलं होतं की ट्यूनर अॅप खिशात ठेवा, 440 (ए चा नेहमीचा ठरलेला सूर) विसरा, पियानोचा ए घ्या आणि व्हायोलिन त्याला लावा, पियानो काय तुमच्यासाठी चढणार नाही. वर हसून म्हणाले, बरोकवाले, म्हणजे विवाल्डीच्या काळचं संगीत वाजवणारे, आजकाल ए 415 ला, म्हणजे खाली लावतात, तुमचा पियानो तिकडेच निघालाय समजा. मी पानं उलटायला लागू नयेत म्हणून चार पानं जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवून घडीची पाटी केली होती, पण डोक्यावर पंखा हे लक्षातच नव्हतं. नशीब बायकोने पिशवीत कपड्यांचे चिमटे टाकले होते. दोन पिवळे, दोन निळे. परीक्षक बाई बघत होत्या पण काही बोलल्या नाहीत.

वाजवलं. दुसऱ्या ध्रुवपदात माझा डावा हात एक घर चुकला, मी उजवा हात सरळ सोडून दिला आणि नुसता बेस धरला, चारेक बार (आवर्तनं म्हणा). लेक थांबली नाही, वळून पण बघितलं नाही. दुसरा पीस सोपा होता, तो झाल्यावर मला बाहेर जायला सांगितलं, साथीदाराने साथीपुरतंच आत थांबायचं असतं. बाहेर बाकावर बसून आतले स्केल्स ऐकत बसलो, हात थरथरत होते ते आत्ता कुठे कळलं.

महिन्याभराने मार्क आले, विवाल्डीला 30 पैकी 25. सर खूश, लेकीला एक मार्क अजून हवा होता. चिमटे तिथेच पियानोवर राहिले, ते चारचं सेट होतं हे मला घरी रोज ऐकवलं जातं.