तुर्भ्याची पंगत

कार्तिकात आळंदीला पायी जाणाऱ्या दिंड्या ठाणे जिल्ह्यातून दरवर्षी निघतात. आषाढीइतका त्यांचा बोलबाला होत नाही, आणि मला विचाराल तर ते बरेच आहे. आमची दिंडी कळव्याहून निघते, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागते आणि दिघा, ऐरोली, रबाळे मागे टाकीत पहिल्या मुक्कामाला बेलापूर गाठते. डाव्या हाताला एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या भिंती, उजवीकडे लोहमार्ग आणि मधल्या रस्त्यावर टँकरांचे हॉर्न, अशा वाटेवर पखवाज जेमतेम चार ओळींपर्यंत ऐकू येतो; त्यामुळे मागच्या टाळकऱ्यांना चाल धरायची ती पुढच्यांच्या पावलांवरून.

यंदा दुपारची पंगत तुर्भ्याजवळ एका मांडवात होती. पत्रावळी मांडल्या, भात उतरला, आणि तेवढ्यात कुजबुज पसरली की आजचे अन्नदान करणाऱ्या गृहस्थांचा व्यवसाय परमिट रूमचा आहे. दिंडीत निम्म्याहून अधिक माळकरी. दारूच्या पैशातले अन्न घ्यावे की नाही, यावर उभ्या उभ्या वाद सुरू झाला, आणि एका उत्साही गृहस्थांनी हात वर करून मतदान घ्यावे असे सुचवले. महाराजांनी ती सूचना तिथेच मोडून काढली. जेवणाऱ्याला आणि न जेवणाऱ्याला कोणी काही विचारायचे नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे, एवढे सांगून त्यांनी वाढपाला सुरुवात करायला लावली.

हा निवाडा ऐकायला सोपा आहे. सकाळपासून चाललेल्या माणसाने भाताची वाफ समोर असताना मनाला विचारले, तर मन काय सांगणार? संशयाच्या जागी सज्जनांचे अंतःकरणच प्रमाण, हे कालिदासाचे वचन आपण मोठ्या आदराने सांगतो. पण ते त्याने दुष्यंताच्या तोंडी घातले आहे, आणि तेही शकुंतलेवर मन जडल्यानंतर. राजाच्या अंतःकरणाने राजाला हवा तोच निकाल दिला. धर्माची चार प्रमाणे सांगताना मनुस्मृतीने वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्यानंतर आत्मतुष्टीला सर्वांत शेवटी बसवले, यामागे ही सावधगिरी असावी असे मला वाटते.

तुकोबांची वाट मात्र वेगळी आहे. ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता॥’ ही ओळ भाषणांत सर्रास सुटी वापरली जाते. ती ज्या अभंगात येते तो सबंध अभंग फार थोडे लोक म्हणतात. त्यात आधी दुष्काळ आहे, बुडालेला व्यापार आहे, अन्न अन्न करीत गेलेली बायको आहे. मग भंगलेले देऊळ बांधणे, एकादशीचे कीर्तन, चित्ताला अजून अभ्यास नव्हता ही कबुली, संतांची वचने विश्वासाने पाठ करणे, पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून धृपद धरणे, अंग कष्टवून उपकार करणे. हे सगळे झाल्यावर मनाला साक्षीला बोलावले आहे. नुसती ती ओळ उचलणाऱ्याला त्या साक्षीची किंमत कळत नाही.

त्या पंगतीत कळव्याकडच्या एक आगरी आजी होत्या. त्यांनी पदर खोचला, भाताचे घमेले कमरेवर घेतले आणि वाढायला लागल्या. स्वतः मात्र जेवल्या नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “माउली, माझ्या मालकाची मजुरी असल्याच गल्ल्यात गेली. मला नाय उतरायचं. तुम्ही पोटभर जेवा.” सगळ्यांची पाने उठल्यावर त्यांनी पिशवीतली तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी काढली. मी जेवलो होतो, आणि आजही ते मला गैर वाटत नाही. देणाऱ्याने हात जोडून दिलेले अन्न नाकारायला माझ्यापाशी तेवढे कारण नव्हते. पण माझ्या मनाने फारच झटपट होकार दिला, आणि आजींच्या मनाने त्यांच्याकडून उपास घडवला. अशा दोन साक्षींत मी दुसरीवर अधिक भरवसा ठेवीन. ज्ञानदेवांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १२७४ मध्ये, वारलेल्या थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मचिंतकाने म्हटले आहे की मनाचा कौल चुकीचा असला तरी त्याच्याविरुद्ध वागणे पापच. मात्र जे समजून घ्यायला हवे होते ते निष्काळजीपणाने न समजल्याने कौल चुकला, तर मनाचे नाव पुढे करून सुटता येत नाही. आजींनी इतरांना वाढले, म्हणजे आपला कौल दुसऱ्यावर लादला नाही, ही गोष्ट अक्विनासच्या सूत्रात बसते की नाही कोण जाणे. वारकऱ्याला ती सहज उमगते.

नेरूळ ओलांडताना ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या तरुण टाळकऱ्याने मला अडवले. पाठांतराने आणि धृपद धरल्याने मन तयार होते म्हणता, तर चोखोबांना पंढरीच्या दाराबाहेर ठेवणाऱ्यांनी काय कमी अभंग पाठ केले होते? प्रश्न रास्त होता. मी त्याला साने गुरुजींची आठवण दिली. मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, पण त्याआधी महाराष्ट्रभर हिंडून ते संतांच्याच भाषेत लोकांशी बोलले होते. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हे दार अडवणाऱ्यांनाही तोंडपाठ होते, गुरुजींनी त्यांना त्याचा जाब विचारला. तरुणाला हे निम्मेच पटले. चोखोबा १३३८ मध्ये गेले, मग तो जाब विचारायला सहाशे वर्षे का लागली, असे त्याने विचारले. मी म्हणालो की मागे राहून धृपद धरणाऱ्याला गप्प राहण्याचीही सवय लागते, आणि हा दोष आपल्या परंपरेने अजून पुरता मान्य केलेला नाही. मुक्कामी कीर्तनात हाच प्रश्न महाराजांपुढे मांडायचे आम्ही ठरवले. तो मांडायचा त्याने, कारण मी विचारला तर महाराज हसून टाळतील, असे त्याचे म्हणणे होते.