तुम्ही विचारलंत म्हणून

"कोर्ट आपणहून दावा काढून टाकू शकतं का हो?" लग्नात विचारतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत विचारतात, परवा दाढी करताना विचारलं. सूर एकच: जज्जसाहेबांच्या मनात आलं आणि फाडलं. सोलापुरात बावीस वर्षं दिवाणी कामं करून मीही "हो, पण..." म्हणून सटकतो. आज तो 'पण' सांगतो.

दारं मोजकी आहेत. वादपत्रात, म्हणजे वादीनं दावा लावताना दिलेल्या मूळ कागदात, दाव्याला कारणच दिसत नसेल, कमी भरलेली कोर्ट फी मुदत देऊनही भरली नसेल, किंवा कायद्यानंच तसला दावा चालत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७, नियम ११ खाली कोर्ट वादपत्र नाकारतं. समोरच्यानं अर्ज दिलाच पाहिजे असं नाही. पण तेव्हा वाचायचं ते फक्त वादपत्र, प्रतिवादीची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, नाही. कारणं लिहावी लागतात आणि त्यावर अपील होतं. 'हा दावा काही टिकत नाही' असं साहेबांना नुसतं वाटणं यात कुठंच बसत नाही. दावा लावायच्या मुदतीचं मात्र वेगळं आहे. मुदत कायदा, १९६३, कलम ३ : प्रतिवादीनं तोंड उघडलं नाही तरी मुदत संपलेला दावा कोर्टानं काढायचाच.

राहिली गैरहजेरी. तुम्ही विचारता ते बहुतेक याचंच, आणि इथंच मी आजवर कोर्टाच्या आड लपत आलो.

साखर पेठेतल्या एक मावशी. विड्या वळायच्या. शेजाऱ्यानं भिंत पुढं सरकवली म्हणून दावा. घरात तेलुगू, कोर्टातली मराठी त्यांना परकी वाटायची, म्हणून मीच बजावलं होतं, "मी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही." त्या दिवशी पुकारा झाला. प्रतिवादीचे वकील उभे राहिले. मी नव्हतो. मावशी दाराबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आपलं नाव त्यांनी ऐकलं आणि मी सांगितल्याप्रमाणे जागच्या हलल्या नाहीत. ऑर्डर ९, नियम ८ : प्रतिवादी हजर, वादी गैरहजर, दावा निकाली.

मी धावत रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारखेवार नोंद, पाहिला. नुसती कागद दाखल करायची तारीख निघाली असती, तर 'ही सुनावणीच नव्हती, नियम ८ लागतच नाही' म्हणून भांडलो असतो. तारीख पुराव्याची होती. कोर्टाचं काही चुकलं नव्हतं. नियम ८ खाली गेलेल्या दाव्याला त्याच कारणावर नवा दावा नाही, तोच पुन्हा उभा करायला अर्ज द्यायचा, तोही तीस दिवसांत.

अर्जात लिहिलं, वकील दुसऱ्या कोर्टात कामात होते. होतोच. ते काम पंधरा मिनिटं आधी संपलं होतं आणि मी चहा पीत होतो, हे लिहिलं नाही. तेव्हा मनाला समजावलं की सगळेच असं लिहितात. लिहितातही. म्हणून काय?

सही घ्यायला अर्ज वाचून दाखवला. 'वादी गैरहजर राहिली' इथं मावशींनी थांबवलं.

"सायेब, मी तर हितंच बसले होते की."

मी म्हणालो, कायद्यात तसंच लिहितात. पुकाऱ्याला जो उभा राहत नाही तो गैरहजर, हे अजूनही मी कुणालाही पटवून देईन. त्यांना पटलं नाही. सही मात्र केली.

दावा परत बोर्डावर आला, पाचशे रुपये खर्च भरण्याच्या अटीवर. ते मी भरले. पुढच्या तारखेला मावशींनी पदराची गाठ सोडून शंभराच्या पाच नोटा माझ्यापुढं धरल्या, आणि मी घेतल्या.