शके ८२२ ची बेबाकी

अण्णांनी मनिलाला सकाळी दहाच्या आत नापास केलं. गावच्या विकास सोसायटीचे निवृत्त गटसचिव, वय ७८, मुलानं तिकीट काढून दिलं म्हणून आलेले. इंट्रामुरोसच्या, म्हणजे स्पॅनिश काळातल्या तटबंद जुन्या मनिलाच्या, तटावर उभं राहून म्हणाले, "ह्याला किल्ला म्हणतात होय? पन्हाळ्याचा नुसता तीन दरवाजा बघा." सगळे हसले. मीही हसलो, टूर मॅनेजरला हसावंच लागतं.

फोर्ट सँतियागोत मात्र ते गप्प झाले. तिथे फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याच्या कोठडीपासून जमिनीत पितळी पावलं बसवलेली आहेत. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारनं या ३५ वर्षांच्या डोळ्यांच्या डॉक्टरला गोळ्या घालायला नेलं, ती ही वाट. शेवटची कविता त्यानं स्पिरिटच्या शेगडीत लपवून घरच्यांकडे पोचवली होती. पितळेवर पाय पडू नये म्हणून अण्णा कडेकडेनं चालत होते.

मग सान आगुस्तिन चर्च, १६०७ सालचं. छतावरचं नक्षीकाम कोरलेलं आहे यावर एका काकूंनी पैज लावली आणि त्या हरल्या, ते नुसतं रंगवलेलं आहे. तटाच्या आतली बाकीची चर्च १९४५ च्या लढाईत जमीनदोस्त झाली, हे एवढंच उभं राहिलं. त्या एका महिन्यात शहरातली सुमारे एक लाख माणसं मेली. हे सांगताना आमच्या स्थानिक गाइड मुलीचा आवाज दर वेळी उतरतो. तिच्यामागून मराठीत बोलायला मलाही जड जातं.

दुपारी बाहेर पडलो आणि पावसानं झोडपलं. घोडागाडी रद्द. रिझाल पार्कातलं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय जवळच होतं. तिकीट नाही, वर छप्पर. आमच्या धंद्यात तेवढं पुरतं.

आत एक काळपट, चुरगळलेला तांब्याचा पत्रा आहे, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, त्यावर दहा ओळी. १९८९ मध्ये लागुना प्रांतात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना सापडला. मी यापूर्वी त्याच्यासमोर ग्रुपला फार तर अर्धा मिनिट उभं केलं असेल. अण्णा म्हणाले, "ताम्रपट दिसतोय. काय लिहिलंय?" लिपी कावी, भाषा जुनी मलय, मी काय वाचणार? फोनवर लिप्यंतर काढलं आणि पहिली ओळ अडखळत म्हणू लागलो. स्वस्ति, शक वर्षातीत ८२२, वैशाख मास...

"थांबा." अण्णांनी चष्मा चढवला. "पुढे?"

चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार.

"अहो, संकष्टी!" ते एवढ्यानं ओरडले की पहारेकरी वळून बघायला लागला. ८२२ मध्ये ७८ मिळवून त्यांनी मनातल्या मनात इसवी सन ९०० काढलंसुद्धा. गाइड मुलीला काही कळेना. मी समजावल्यावर ती हसली. आमच्यात शिक्षकाला गुरो म्हणतात, चेहऱ्याला मुखा, म्हणाली. अण्णांना ती सकाळपासून 'लोलो' म्हणत होती, म्हणजे आजोबा. त्यांना वाटत होतं, मुलगी थट्टा करतेय. तोही गैरसमज तिथेच मिटला.

खरी गंमत मजकुरात होती. नामवरान नावाच्या माणसाचं कर्ज फिटलं, एक काटी आणि आठ सुवर्ण एवढं सोनं, आणि तोंदोच्या प्रमुखानं त्याला मोकळं केलं. तोंदो आजही मनिलात आहे, सकाळी आमची बस तिथूनच आली होती.

"बेबाकी दाखला आहे हा, कर्ज पूर्ण फिटल्याचा," अण्णा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी हेच लिहिलं होतं. मुलांची नावं आहेत का, वंशजांवर बोजा राहत नाही असं म्हटलंय का, साक्षीला कोण, त्यांनी एकेक कलम विचारलं. सगळं होतं. "मी वारसांची नावं घाला म्हणायचो, तर चेअरमन हसायचे."

ही इमारत पूर्वी अर्थखात्याची होती, असं गाइडनं सांगितल्यावर तर त्यांनी मान डोलावली. योग्य कपाटात ठेवलाय, म्हणाले.

तोवर बाकीची मंडळी कॉफी शोधायला पांगली होती. मी शेवटची ओळ वाचली. पुढे कधी कोणी म्हणालं की कर्ज अजून फिटलेलं नाही, तर... आणि मजकूर तिथेच तुटतो.

"पुढचा पत्रा?"

"सापडलेला नाही, अण्णा."

ते काचेवर वाकले, पत्र्याच्या खालच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. मग खिशातली डायरी काढून त्यांनी तिथी, वार आणि शक लिहून घेतला. बसचा हॉर्न दोनदा वाजला, मी ड्रायव्हरला थांब म्हणून खूण केली.